ताई, मी शेती शिकायला आले, भांडी घासायला नाही

"ताई, मी एका आंतरराष्ट्रीय सेंद्रिय शेती प्रशिक्षण केंद्रात १० महिन्यांच्या अभ्यासक्रमासाठी आले आहे. ६ महिने झाले. ११ देशांतले आम्ही १९ जण एकत्र राहतो. पहाटे सगळ्यांची सभा, त्यात रोज एकानं बोलायचं. मग झाडलोट, आठवड्यातून तीनदा स्वयंपाकघराची पाळी, कोंबड्या-डुकरांची पाळी, संध्याकाळी कुणाचा वाढदिवस, कुणाच्या देशाचा राष्ट्रीय दिन, नाहीतर पाहुण्यांचा गट. उरलेल्या वेळात वर्ग आणि माझा वाफा. मला पाठवणाऱ्या संस्थेत परत गेल्यावर मला शेतीचं तंत्र शिकवायचं आहे, आणि इथं मी ताटं विसळतेय. ६ आठवड्यांनी सुगीचा सोहळा आहे. ३०० पाहुणे येणार. मला भाजीपाल्याच्या गटाची प्रमुख केलं आहे. गेल्या बैठकीला गटातला एक जण पुन्हा अर्धा तास उशिरा आला. मी सगळ्यांदेखत म्हणाले, 'तुमच्या देशात वेळेला किंमतच नाही.' तो उठून गेला. ९ दिवस झाले, तो माझ्याशी बोलत नाही. त्याच्या देशातून आलेली मुलगीही बोलत नाही. प्रमुखपद सोडून उरलेले ४ महिने फक्त शेतीत घालावेत असं वाटतंय. संचालकांना तसं सांगू का?"

*

तू ताई म्हटलंस, तेव्हा मीही तुला 'तू'च म्हणते.

आधी त्या वाक्याचं बघू. बाकी सगळं त्याच्यामागे अडलं आहे. तो उशिरा आला हे खरं होतं आणि प्रमुख म्हणून ते बोलण्याचा तुला हक्कही होता. पण तू बोललीस त्याच्या देशाबद्दल. घरापासून हजारो किलोमीटरवर राहणाऱ्या माणसाला तिथे देश हा एवढाच एक आडोसा असतो. तू त्याच्या उशिरावर बोट ठेवलं असतंस, तर त्याला उत्तर देता आलं असतं, माफी मागता आली असती, नाहीतर भांडता आलं असतं. देशावर बोट ठेवलंस तेव्हा उठून जाण्याखेरीज त्याच्या हातात काही उरलं नाही. आणि ती मुलगी तुझ्याशी का बोलत नाही, याचंही कारण तेच आहे. तिचा तर त्या दिवशी उशीरही झाला नव्हता.

माफी मागायची आहे, आणि दोनदा. पहिली एकट्यात. सोप्या, छोट्या वाक्यांत. तुमच्या दोघांचीही सामाईक भाषा उसनी आहे, त्यामुळे लांब स्पष्टीकरण त्याच्यापर्यंत पोचणार नाही. "मी तुझ्या देशाबद्दल बोलले ते चूक होतं. मला वाईट वाटतंय." इथं थांब. 'पण तूही उशिरा आलास' हे त्याच श्वासात जोडू नकोस, नाहीतर माफीचा पुन्हा आरोप होईल. दुसरी माफी बैठकीत, कारण बोलणं बैठकीत झालं होतं. ती ऐकायला त्या मुलीचंही तिथं असणं गरजेचं आहे. उशिराचा विषय नंतरच्या बैठकीत काढ, आणि तोही प्रश्न म्हणून: आपण ठरवलेली वेळ सगळ्यांना जमते का? माझा अंदाज आहे की त्या वेळेच्या आधी त्याची गोठ्याची नाहीतर कोंबड्यांची पाळी असणार. जनावरं घड्याळ बघून खात नाहीत. तू हे विचारलं असल्याचं पत्रात कुठे दिसत नाही.

आता तुझा मोठा प्रश्न. तुला वाटतं की शेती एका बाजूला आहे आणि सहजीवन दुसऱ्या बाजूला, आणि दुसरी बाजू पहिलीचा वेळ खाते. मी अशाच एका केंद्रात शिकले आणि तिथं असताना मलाही अगदी असंच वाटायचं. परत आल्यावर आम्ही २२ जणांनी बियाणं जपणारा गट सुरू केला. कंपोस्ट मला उत्तम येत होतं. बी कसं वाळवायचं, कसं निवडायचं, उगवण कशी तपासायची, सगळं येत होतं. दोन हंगामांत गट मोडला. कीड आली नव्हती, पाऊसही बरा झाला होता. एका घरानं उसनं नेलेलं बी परत केलं नाही. सगळ्यांना ते माहीत होतं आणि कुणीच बोललं नाही. मग बोलले ते एकदम, वर्षभराचं साठवलेलं. बैठक कशी घ्यायची आणि कटू गोष्ट वेळेवर, माणूस न तोडता कशी सांगायची, हे मला येत नव्हतं. ते शिकायची संधी मला परदेशात महिनोन् महिने रोज मिळाली होती, आणि ती वेळेची उधळपट्टी आहे असं मी वहीत लिहून ठेवलं होतं. ती वही अजून माझ्याकडे आहे.

तू परत जाशील तेव्हा तुला शेतकऱ्यांचे गटच बांधायचे आहेत. सेंद्रिय शेतीत तर त्यावाचून गत्यंतर नाही. छोट्या शेतकऱ्याला त्रयस्थ संस्थेचं प्रमाणपत्र परवडत नाही, म्हणून बऱ्याच देशांत सहभागी हमी पद्धत चालते. तिच्यात शेतकरीच एकमेकांच्या शेतावर जातात, पाहणी करतात आणि हा माल सेंद्रिय आहे याची हमी गट मिळून देतो. ब्राझीलमधलं एकोविदा हे जाळं १९९८ पासून याच पद्धतीनं काम करतं. आता विचार कर. शेजाऱ्याच्या बांधावर उभं राहून त्याला विचारायचं आहे, 'या कोपऱ्यात फवारणी झालेली दिसते, काय झालं?' आणि संध्याकाळी त्याच्याच ओसरीवर बसून हिशेब करायचा आहे. तुझ्या उशिरा येणाऱ्या सोबत्याशी जे बोलणं तुला जमलं नाही, तेच हे बोलणं आहे. कुठल्याही वर्गात फळ्यावर ते शिकवता येत नाही.

हे काही शेतीला चिकटवलेलं समाजकार्य नाही. सेंद्रिय शेतीच्या चळवळींचा जागतिक महासंघ, आयफोम, १९७२ मध्ये स्थापन झाला. त्यानं २००५ मध्ये जी चार तत्त्वं मान्य केली ती आरोग्य, परिसंस्था, न्याय्यता आणि काळजी ही आहेत. माणसामाणसांतलं नातं न्यायाचं असणं हे त्यात मातीच्या बरोबरीनं बसलं आहे. तुमच्या वर्गात ही तत्त्वं शिकवलीच असतील. त्यातलं तिसरं भांड्यांच्या पाळीत शिकायचं आहे.

स्वयंपाकघराबद्दल तुझा सूर मला सगळ्यात जास्त खटकला, म्हणून इथं जरा रेंगाळते. जपानच्या तोचिगी प्रांतात आशियाई ग्रामीण संस्था म्हणजे एशियन रूरल इन्स्टिट्यूट आहे. तोशिहिरो ताकामी यांनी ती १९७३ मध्ये सुरू केली आणि १९९६ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आशिया, आफ्रिका आणि इतर भागांतले ग्रामीण कार्यकर्ते तिथे दर वर्षी एप्रिल ते डिसेंबर राहतात, पिकवतात आणि पिकवलेलं एकत्र खातात. तिथे 'फूडलाइफ' असा एक शब्द घडवला गेला. अन्न आणि जीवन एकमेकांवाचून असू शकत नाही, म्हणून दोघांचा मिळून एकच शब्द. शेतातलं, गोठ्यातलं आणि स्वयंपाकघरातलं काम या एका शब्दाखाली येतं. मला तो शब्द फार आवडतो, कारण स्वयंपाकघर हे शेताचंच शेवटचं टोक आहे हे त्यात उघड म्हटलेलं आहे.

तुझ्या पुढच्या पाळीला एक वही आणि तराजू घेऊन जा. आज कुठल्या वाफ्यातून काय आलं, किती किलो आलं, त्यातलं किडकं-फाटकं किती काढलं, ताटात किती गेलं, उष्टं-खरकटं किती आणि ते डुकरांना गेलं की कंपोस्टला. महिनाभर हे लिही. कुठली भाजी आपण गरजेपेक्षा दुप्पट लावली, कुठली एकाच आठवड्यात सगळी तयार झाली आणि मग तीन आठवडे काहीच नव्हतं, कुठल्या वाफ्याची पानं सतत जाळीदार येतात, हे सगळं तुला तिथे दिसेल. पीक नियोजनाच्या तासाला जे तक्ते शिकवतात ते अशाच वह्यांतून बनतात. आणि परत गेल्यावर तू ज्या बायकांबरोबर काम करशील, त्यांच्याशी बोलायला हीच वही उपयोगी पडेल. घरातल्या अन्नाचा हिशेब त्यांच्याच हातात असतो.

आता तुझं जिथं बरोबर आहे तेही सांगते, नाहीतर मी केंद्राची वकिली करतेय असं तुला वाटेल. आठवड्यात तीन पाळ्या सगळ्यांच्या आहेत का? पत्रात तू फक्त तुझ्या लिहिल्यास. अशा ठिकाणी माझ्या पाहण्यात नेहमी एकच घडतं. कामसू माणसाकडे काम सरकतं, बायकांकडे स्वयंपाकघर सरकतं, आणि ज्याला ती सामाईक भाषा नीट येत नाही त्याच्याकडे जनावरं सरकतात, कारण तिथं बोलावं लागत नाही. कुणी ठरवून करत नाही, पण पत्रकावर ते उमटतं. म्हणून तक्रार करण्याआधी एका आठवड्याचं पाळीपत्रक घे आणि १९ जणांचे तास मोज. कर्मचाऱ्यांचेही मोज. तेही पाळ्या करतात की नाही, हे कळायला हवं. आकडे समान निघाले तर तुझी तक्रार तिथेच संपली. नाही निघाले तर तुझ्या हातात ठोस गोष्ट आहे आणि ती सभेत मांड.

एलिनॉर ऑस्ट्रॉम या अभ्यासक बाईंना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. सामाईक पाणी, जंगल, कुरणं लोक पिढ्यान् पिढ्या कशी टिकवतात, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. टिकलेल्या व्यवस्थांत त्यांना काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या. नियम वापरणाऱ्यांनीच केलेले असतात. लक्षही तेच ठेवतात. पहिल्या चुकीला शिक्षा अगदी हलकी असते आणि पुढे वाढत जाते. आणि भांडण मिटवायची जागा जवळ असते, स्वस्त असते. तुमच्या पाळीपत्रकाला हे चारही लावून बघ. तुझ्या त्या बैठकीत पहिल्याच टप्प्याला सगळ्यात जड शिक्षा दिली गेली, आणि भांडण मिटवायला जागाच नसल्यामुळे ९ दिवस अबोला चालला आहे. पत्रक पुन्हा लिहायला बसाल तेव्हा त्यात पाळ्यांची अदलाबदल उघडपणे करता येईल अशी सोय ठेवा. तुमच्यात मांस न खाणारे असतील, डुक्कर ज्यांना वर्ज्य आहे असे असतील, उपास करणारे असतील. अशा माणसाला डुकरांची पाळी नको असेल तर त्यानं ती गुपचूप चुकवण्यापेक्षा सांगून बदलून घ्यावी. चुकवलेली पाळी कुणाच्या तरी अंगावर पडते आणि त्यातूनच 'हे लोक असेच' असली वाक्यं तयार होतात.

वाढदिवस आणि राष्ट्रीय दिनाला रोज शेवटपर्यंत बसायलाच हवं असं नाही. अर्धा तास मनापासून बस, मग उठ. आठवड्यात एक संध्याकाळ स्वतःसाठी राखून ठेव आणि तसं आधीच सांगून टाक. एकत्र राहणाऱ्या माणसांना एकांत लागतोच.

पहाटेच्या सभेत बोलायची पाळी मात्र चुकवू नकोस. डेन्मार्कमध्ये १८४४ साली रोडिंग इथे पहिली लोकशाळा निघाली. या शाळांत शेतकऱ्यांची तरुण मुलं काही महिने एकत्र राहायची. परीक्षा नव्हत्या. सकाळी मिळून गाणी होती, व्याख्यानं होती, गप्पा होत्या. १८८२ मध्ये त्याच देशात येडिंग गावी शेतकऱ्यांनी पहिली सहकारी दुग्धशाळा काढली, आणि ती चळवळ झपाट्यानं पसरली. या दोन गोष्टींचा संबंध अनेक इतिहासकार जोडतात, आणि मला तो पटतो. चार लोकांत उभं राहून आपलं म्हणणं मांडायची सवय झालेला माणूसच पुढे सभासद म्हणून मत देतो आणि हिशेब मागतो.

सोहळ्याचं प्रमुखपद सोडू नकोस. तुला जे तंत्र शिकायचं आहे, ते या ६ आठवड्यांत तुला कुठल्याही वर्गापेक्षा जास्त मिळणार आहे. ३०० माणसांचं जेवण ठरलेल्या तारखेला, स्वतःच्या शेतातून. यात पेरणीचं वेळापत्रक आहे, साठवण आहे, मजुरी आहे, आणि हवामान बिघडलं तर काय हेही आहे. तारखेपासून मागे मोजत ये. तुझ्याकडे ४२ दिवस आहेत. पालेभाज्या ३० ते ४० दिवसांत येतात, छोटा मुळा २५ ते ३०. हवा थंड होत असेल तर दोन्हींना जास्त दिवस लागतात, हे धरून चाल. लांब मुळा, कोबी, गाजर आता लावून उपयोग नाही. ते आधी लावलेलं असेल तरच आहे. बटाटा, कांदा, भोपळा कोठीत किती आहे ते आजच मोजून घे, कारण ३०० माणसांच्या जेवणाचं वजन त्यांच्यावरच पेललं जाणार आहे. पालेभाज्यांची पेरणी एकाच दिवशी करू नकोस. आठवड्याच्या अंतरानं दोनदा कर, म्हणजे एक खेप वाया गेली तरी दुसरी हाताशी राहील. आणि कोंबड्यांच्या गटाला विचार. १०० कोंबड्या रोज साधारण ७५ अंडी देत असतील आणि सोहळ्याला ६०० लागणार असतील, तर ८ दिवस आधीपासून एकही अंडं न खाता साठवावं लागेल. म्हणजे त्या ८ दिवसांच्या न्याहारीबद्दल स्वयंपाकघराशी आत्ताच बोलायला हवं. बघ, इथं तुझं प्रत्येक शेतीचं काम कुणाशी तरी बोलल्याशिवाय पुढं जात नाही.

प्रत्येक देशाचा पदार्थ करायचा असेल तर जिन्नसांची यादी बनवणाऱ्याला आधी शेतात ने आणि मग लिहायला सांग. नाहीतर लोक आठवणीतून यादी करतात, शेतात त्यातलं निम्मं नसतं, आणि शेवटच्या आठवड्यात कुणीतरी गाडी काढून बाजारातून रासायनिक भाजी आणतं. ३०० पाहुण्यांसमोर ती आपली म्हणून वाढायची? त्यापेक्षा पदार्थ बदलावा, आणि का बदलला ते पाटी लिहून सांगावं. पाहुण्यांना ती पाटी जेवणाइतकीच लक्षात राहते.

माझ्या वेळी मी मुळ्याची पेरणी तीन आठवडे लांबवली होती. गटाची बैठक बोलवायची टाळत होते, कारण गटातल्या दोघांचं पटत नव्हतं आणि मला त्यांच्यामध्ये बसायचं नव्हतं. मुळे अंगठ्याएवढे राहिले. मी ते कुणालाच सांगितलं नाही. सोहळ्याच्या आदल्या संध्याकाळी स्वयंपाकघराच्या प्रमुखानं टोपल्या मागितल्या तेव्हा ते बाहेर आलं. रात्री ११ वाजता सात देशांतली माणसं कंदिलाच्या उजेडात भोपळे चिरत बसली होती, माझ्यामुळे. त्यांच्यातलं कुणी मला एक शब्द बोललं नाही. त्या रात्रीची शरम मला अजून आठवते. म्हणून तुला सांगते, काही बसलं, जळालं, कमी पडलं तर त्याच दिवशी सांग. २० दिवस आधी सांगितलेल्या चुकीवर उपाय निघतो.

पाहुणे कोण आहेत, याचाही विचार कर. त्यांतले बरेचसे केंद्राचे शेजारी असतील. वर्षभर तुमच्या शेणखताचा वास आणि कोंबड्यांचा आवाज सहन करणारी माणसं. मी मघाशी ज्या जपानी संस्थेबद्दल सांगितलं, तिला २०११ च्या भूकंपाचा तडाखा बसला आणि फुकुशिमाच्या अणुवीज प्रकल्पातल्या दुर्घटनेचा किरणोत्सारही त्या भागापर्यंत पोचला. त्या वर्षी सुरुवातीचं प्रशिक्षण दुसरीकडे हलवावं लागलं. पुढे त्या संस्थेनं अन्नातली आणि मातीतली किरणोत्सारिता मोजणारं केंद्र काढलं, आणि आसपासचे लोक आपल्या शेतातलं अन्न तिथे तपासायला आणू लागले. ती संस्थाही दर शरद ऋतूत सुगीचा सोहळा करते आणि शेजाऱ्यांना बोलावते. वर्षानुवर्षं ज्यांच्या अंगणात आपण जेवलो त्यांच्याकडे संकटात आपली भाजी घेऊन जाणं सोपं जात असेल, असं मला वाटतं. तुझ्या सोहळ्यात शेजाऱ्यांसाठी शेतातली एक फेरी ठेव, आणि ती दाखवायचं काम सगळ्यात कमी बोलणाऱ्या प्रशिक्षणार्थ्याकडे दे. शेत दाखवताना भाषा कमी लागते, हात पुरतो.

सोहळ्यानंतर दोन-तीन दिवसांतच आढाव्याला बसा. महिनाभरानं बसलात तर फक्त फोटो आठवतील. किती शिजवलं, किती उरलं, कोण जास्त दमलं, कोणाला विचारलंच नाही. ते कागदावर लिहून पुढच्या वर्षीच्या तुकडीसाठी ठेवा.

संचालकांकडे जरूर जा. पण पद सोडते म्हणायला नको. पाळ्यांचे मोजलेले तास घेऊन जा आणि एक नेमकी मागणी कर: सोहळ्यापर्यंतच्या ६ आठवड्यांत माझी स्वयंपाकघराची एक पाळी कमी करून ती वेळ भाजीपाल्याच्या गटाला द्या, सोहळा झाल्यावर मी ती भरून देईन. शिवाय उरलेल्या महिन्यांत तुला नेमकं कुठलं तंत्र हवं आहे ते लिहून दे. रोपवाटिका, बीजोत्पादन, मित्रकीटक, जे असेल ते. 'मला शेती शिकायची आहे' यावर कुणालाच काही करता येत नाही. 'मला टोमॅटोचं बी आंबवून काढायचं आणि उगवण तपासायची आहे' म्हटलंस तर कुणीतरी तुला उद्याच सोबत घेईल. कदाचित तुझ्या १८ सोबत्यांपैकी एखाद्याला ते तिथल्या शिक्षकापेक्षा चांगलं येत असेल. विचारलंयस कधी?

पण त्याआधी ती माफी. उद्याच. संचालकांची वेळ घेण्याआधी, बैठक बोलावण्याआधी. तो जिथं काम करत असेल तिथं जा, त्याच्या बरोबरीनं हातात काहीतरी घे, आणि बोल. त्याला लगेच हसून बोलता आलं नाही तरी चालेल, वाट बघ. मग पालेभाजीची पहिली पेरणी कुठल्या वाफ्यात करायची ते त्याला विचार. ते तुला आणि त्याला मिळून ठरवायचं आहे, आणि दिवस आता ४२ च्या आत आलेच असतील.